मिटलेल्या फांद्या

तुमच्याही घरी कपाटाच्या वरच्या खणात एखादा कुळवृत्तांत असेल. भारतातून बॅगेत घालून आणलेला आणि मग फारसा कुणी न उघडलेला. आमचा मी या उन्हाळ्यात वेबपेजवर चढवला. नऊ पिढ्यांचा वंशवृक्ष, प्रत्येक नावाच्या डावीकडे छोटा त्रिकोण. त्रिकोण दाबला की फांदी उघडते, पुन्हा दाबला की मिटते.

सगळं उघडं ठेवलं तर फोनवर बोट दुखेपर्यंत सरकवत बसावं लागतं. म्हणून चार ओळींचा जावास्क्रिप्ट लिहिला: पान उघडलं की तिसऱ्या पिढीखालच्या सगळ्या याद्यांना 'डिस्प्ले नन' लावायचं. पान एकदम आटोपशीर दिसू लागलं. मी खूश.

त्याच रात्री साडेदहाला फोन. सांगलीत सकाळचे आठ. आत्या.

"अरे, माझं नाव काढलंस का?"

तिच्या नातीने पानावर 'शोधा' करून तिचं नाव घातलं होतं आणि उत्तर शून्य आलं होतं. 'डिस्प्ले नन' केलेला मजकूर ब्राउझरच्या शोधात येत नाही, डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही तो वाचत नाही. "काढलं नाही गं, मिटलंय," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. तिचं गप्प होणं मला कळलं. जुन्या छापील पुस्तकात आमच्याकडच्या मुलींची एकच ओळ: नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव. पुढे काही नाही. तिची मुलं-नातवंडं माहेरच्या झाडावर पहिल्यांदाच आली होती, आणि आठवड्याच्या आत गायब!

मग नीट लिहायला बसलो. तुमच्यापैकी कुणी असं काही करणार असाल, तर माझे दोन शनिवार वाचतील म्हणून सांगतो.

एचटीएमएलमध्ये 'डिटेल्स' नावाचा टॅग आहे. त्याचा 'ओपन' गुणधर्म काढला की फांदी मिटते, लावला की उघडते. शोधलेलं नाव मिटलेल्या फांदीत असेल तर क्रोम ती आपणहून उघडून दाखवतो, म्हणजे आत्याचा प्रश्न सुटला. पण एक फसगत आहे. फक्त वरची फांदी मिटली तर आतल्या फांद्या उघड्याच राहतात; पुन्हा त्रिकोण दाबला की सगळं गोकुळ एकदम अंगावर येतं. प्रोग्रॅमने खालपर्यंत जाऊन प्रत्येकाचा 'ओपन' काढायला हवा. शिवाय कुणी कीबोर्डने फिरत खाली एखाद्या नावावर असेल आणि वरची फांदी मिटली, तर त्याची जागा हरवते. मिटण्याआधी त्याला वरच्या उघड्या नावावर आणून ठेवा.

सगळ्यात उपयोगी पडली ती उलटी वाट. प्रत्येक व्यक्तीला स्वतःची लिंक दिली. लिंक उघडली की प्रोग्रॅम आधी सगळं मिटतो, मग त्या नावापासून आईवडील, आजीआजोबा असं मुळापर्यंत चढत तेवढ्याच फांद्या उघडतो. आत्याच्या लिंकवर झाड आत्यापर्यंत उघडं. मिटलेल्या फांदीशेजारी आकडाही टाकला, '२३ जण'. आत माणसं आहेत हे कळायला नको?

आणखी एक, मिटलेलं म्हणजे लपवलेलं समजू नका. पानाचा सोर्स पाहिला तर आतला सगळा मजकूर तिथेच असतो. लहान मुलांच्या जन्मतारखा मी पानावर चढवल्याच नाहीत. आणि काकांना कागदावरच वाचायचं असतं, त्यामुळे छापण्याआधी सगळ्या फांद्या उघडायची सोयही करावी लागली.

हे सगळं झाल्यावर माझी इथे वाढलेली लेक पान बघत होती. तिने विचारलं, "बाबा, हिला त्रिकोण का नाही?" ती माझ्या पणजोबांची बहीण. मी म्हटलं, मुलं नसतील तर प्रोग्रॅम त्रिकोण काढत नाही. "मुलं नव्हती, की कुणी लिहिली नाहीत?"

मला सांगता येईना. पान मात्र दोन्ही सारखंच दाखवत होतं. तशा बायका मोजल्या, चौदा निघाल्या. आता त्यांच्या नावापुढे त्रिकोणाच्या जागी पोकळ गोल आहे. दाबला की 'माहिती नाही, तुम्हाला असेल तर कळवा' असं येतं, मराठीत आणि इंग्रजीत.

मागच्या रविवारी आत्याने फोन करून त्यातल्या एकीची तीन मुलं सांगितली. चौथ्याचं नाव तिला आठवेना. "थांब, आईची वही बघते," म्हणाली आणि फोन तसाच टेबलावर ठेवून आत गेली. कपाटाचं दार करकरल्याचा आवाज आला. मी थांबलो.