घोड्याच्या डोळ्यातली बुरशी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अणदूरचा खंडोबा घोड्यावरून फिरणारा देव. त्याची एकच मूर्ती वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात असते. त्याच्याच नावाने नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावी यात्रा भरते, तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. देवाचा असो वा वरातीचा, घोड्याची चाल आणि दात सगळे पारखतात. डोळ्याकडे मात्र तो पांढरा पडल्यावरच लक्ष जातं.

गैरसमज: पाणीच तर येतंय, दोन दिवसांत थांबेल.

वस्तुस्थिती: जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत घोड्याचा डोळा सर्वांत मोठा, त्यात तो डोक्याच्या कडेला. त्यामुळे काटा-काडी पटकन लागते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल. त्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. बुरशी त्यात खोल उतरली, तर डोळा फुटूही शकतो. पापणी अर्धी मिटलेली, वरच्या पापणीचे केस खाली झुकलेले, उजेड सहन न होणं ही दुखण्याची लक्षणं आहेत. ती दिसली की त्याच दिवशी पशुवैद्य हवा.

गैरसमज: बुरशी कोकणात, आपल्या कोरड्या भागात कुठली?

वस्तुस्थिती: उष्ण, दमट हवेत हा आजार जास्त आढळतो, हे खरं. पण अ‍ॅस्परजिलस आणि फ्युजेरियम या मुख्य बुरशा माती, धूळ, कडबा यांत सगळीकडे असतात. निरोगी घोड्याच्या डोळ्यातही बुरशी सापडते. पारपटल अखंड आहे तोवर ती काही करत नाही. कडब्याच्या ताटाने किंवा बाभळीच्या काट्याने ओरखडा पडला, की तिला वाट मिळते.

गैरसमज: डोळा लाल झाला की घरातली उरलेली ट्यूब चालते.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. अनेक ट्यूबांत आणि थेंबांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली ओसरते, मालक निश्चिंत होतो. पण डोळ्याची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी मोकाट वाढते. नुसत्या प्रतिजैविकाने बुरशी मरत नाही. उलट तिला अटकाव करणारे जिवाणू मात्र मरतात. पुन्हा पुन्हा उद्भवणारा डोळ्याच्या आतला दाह बाहेरून असाच दिसतो आणि त्यावर स्टेरॉइडच लागतं. म्हणून आधी तपासणी. फ्लुरोसीन हा रंग डोळ्यात टाकला की पारपटलावरची जखम हिरवी चमकते. मग जखमेचा थर हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. वरची जखम भरून बुरशी आत कोंडली असेल, तर रंग चढत नाही. त्यामुळे रंग चढला नाही, पण दुखणं कायम आहे, तर डोळा बरा झाला असं समजू नये.

गैरसमज: हळद किंवा मीठ-पाणी घातलं की फूल कटतं.

वस्तुस्थिती: हळदीचे कण जखमेत रुततात, मिठाने आग होते. यात्रेत उधळलेला भंडारा घोड्याच्या डोळ्यात गेला, तर सलाइनने डोळा धुवावा, चोळू नये. पांढरं फूल हा बहुधा जुन्या जखमेचा व्रण असतो. तो कोणत्याही घरगुती औषधाने निघत नाही.

गैरसमज: डोळ्यात वळवळणारा किडा घाणीतून येतो.

वस्तुस्थिती: तो सेटारिया जातीचा जंत. मूळचा गाई-म्हशींचा, डास तो घोड्यापर्यंत पोचवतात. तो पारपटलामागच्या पाण्यात फिरतो आणि डोळा धुरकट करतो. हा बुरशीपेक्षा वेगळा आजार आहे. डोळ्याला बारीक छेद देऊन पशुवैद्य जंत काढतात.

गैरसमज: औषध सुरू केल्यावर डोळा बिघडला, म्हणजे औषध लागू पडत नाही.

वस्तुस्थिती: मरणाऱ्या बुरशीमुळे पहिले एक-दोन दिवस दाह वाढू शकतो. नॅटामायसिन, व्होरिकोनॅझोल यांसारखी औषधं दिवसातून अनेकदा, कित्येक आठवडे घालावी लागतात. घोडा डोकं झटकत असेल, तर पापणीतून बारीक नळी बसवून औषध सोडतात. पारपटलावर सरकणाऱ्या लाल रेषा म्हणजे नव्या रक्तवाहिन्या. जखम भरायला त्यांची मदत होते. वेदनेसाठी अ‍ॅट्रोपिन देतात, पण त्याने आतडी मंदावतात. म्हणून लीद नीट पडते का, यावर लक्ष ठेवावं. नाहीतर पोटशूळ उठतो.

गैरसमज: एकाची बुरशी साऱ्या तबेल्याला लागते.

वस्तुस्थिती: ती एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जात नाही. मात्र ज्वारी काढताना माणसाच्या डोळ्याला पात लागली, तर याच बुरशा तिथेही वाढू शकतात. तिथेही स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत.

पशुवैद्य येईपर्यंत घोडा सावलीत बांधावा, माश्यांपासून जपावा, डोळा घासू देऊ नये. मदतीसाठी 1962 हा पशुवैद्यकीय टोल-फ्री क्रमांक आहे. शस्त्रक्रियेची गरज पडली, तर लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी कोणती ट्यूब घातली असेल, तर ती सोबत न्यावी. तिच्यात स्टेरॉइड होतं की नाही, यावर पुढचे उपचार ठरतात.