सशाच्या पिल्लाची जखम: घरी किती करायचं आणि कुठे थांबायचं

मागे एका भागात मी सशांबद्दल जाता जाता बोललो होतो. त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच: "पिल्लाला जखम झालीये, घरी काय लावू?" आजचा भाग त्यावरच. नेहमीप्रमाणे बोललेलंच थोडं झाडूनपुसून इथे ठेवतोय, म्हणजे ऐन वेळी ऑडिओ मागे-पुढे करत बसायला नको.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.टेक. करून दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. यातलं बरंचसं आमच्या व्हेट मॅडमनी शिकवलं आणि थोडं अंगाशी आल्यावर कळलं. त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

लाडूची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन पिल्लं होती, लाडू आणि चिवडा. सख्खे भाऊ, एकाच पिंजऱ्यात वाढलेले. साडेतीन महिन्यांचे झाले आणि एकमेकांच्या मागे लागायला लागले. मला वाटलं खेळतायत. जुलै महिना होता, ऑफिसात रिलीज होतं. एका संध्याकाळी लाडू कोपऱ्यात बसलेला दिसला, शेपटीच्या वर केस ओलसर होते आणि एक बारीकशी खपली होती. मी म्हटलं, एवढीशी तर आहे, उद्या बघू. आई म्हणाली, "हळद दाब त्यावर." मी दाबली.

दुसऱ्या दिवशी रात्री वास आला. केस बाजूला केले तर आत अळ्या वळवळत होत्या. तसाच टॉवेलात गुंडाळून घेऊन गेलो. मॅडमनी अळ्या काढल्या, सलाइन लावलं, सगळं केलं. पहाटे लाडू गेला.

मॅडम मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काल आणला असतास तर बहुतेक वाचला असता." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. म्हणून हा भाग.

सशाची जखम वेगळी का?

तीन कारणं आहेत. पहिलं, सशाची कातडी फार पातळ असते आणि वर दाट केस. त्यामुळे बाहेरून खपली दिसते तेवढीच जखम असेल असं नाही. चाव्याचं छिद्र टाचणीएवढं असतं आणि आत कातडी सुटलेली असते.

दुसरं, ससा हा शिकार होणारा प्राणी. तो दुखणं लपवतो, कुत्र्यासारखा केकाटत नाही. गप्प बसतो, पाठीचा बाक काढतो, दात करकर वाजवतो, आणि खाणं सोडतो.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. वेदना किंवा भीतीने खाणं थांबलं की आतडी मंदावतात, आणि जखमेपेक्षा पोटानेच ससा जातो. मोठ्या सशाने १२ तास काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती इमर्जन्सी धरतात. पिल्लाच्या बाबतीत तेवढीही वाट बघू नका.

आधी पकडायचं कसं

ससा घाबरून मागचे पाय जोरात झाडतो, आणि त्या झटक्याने त्याचा स्वतःचाच मणका मोडू शकतो. म्हणून कानाला धरून कधीच उचलायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंगाशी धरायचं. मग जमिनीवर बसूनच टॉवेलात गुंडाळायचं, पोळीचा रोल करतो तसं, फक्त जखमेचा भाग बाहेर. उताणा करू नका. उताणा ससा शांत पडून राहतो ते आराम म्हणून नाही, भीतीने गोठतो म्हणून.

दोन माणसं असली तर उत्तम. एकाने धरायचं, एकाने काम करायचं. पंखा बंद, टीव्ही बंद.

किरकोळ जखमेसाठी क्रम

लाडू गेल्यानंतर महिन्याभरात चिवड्याची मांडी पिंजऱ्याच्या तुटक्या तारेने ओरखडली. तेव्हा मॅडमनी फोनवर सांगितलेला क्रम मी लिहून घेतला, तो असा.

१. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉझ ठेवून सलग ५ ते १० मिनिटं दाबून धरा. मध्ये मध्ये उचलून बघू नका, नाहीतर जमलेलं रक्त पुन्हा सुटतं. नख जास्त कापलं जाऊन रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर नखाच्या टोकावर दाबा. हा उपाय फक्त नखासाठी, कातडीच्या जखमेत पीठ घालायचं नाही.

२. केसांवर फुंकर मारून जखम नीट बघा. एक सापडली म्हणून थांबू नका. पाठ, कान, पोट, शेपटीखाली, नरांमध्ये मागच्या पायांच्या मधे, सगळं तपासा. भांडणात चावे एकाहून जास्त असतात.

३. सलाइनने धुवा. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाइनची बाटली मिळते. नाहीतर १ लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ घाला आणि कोमट होऊ द्या. सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजने हलकेच धार सोडा. हे पाणी त्या दिवसापुरतंच, उरलेलं ओतून टाका.

४. जंतुनाशक हवंच असेल तर पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण, पण पाणी घालून फिक्क्या कोऱ्या चहाच्या रंगाचं केलेलं. बाटलीतलं तसंच ओतायचं नाही.

५. गॉझने टिपून कोरडं करा. चोळू नका. कापूस वापरू नका, त्याचे धागे जखमेत चिकटतात.

६. पट्टी बांधू नका. ससा ती कुरतडतो आणि गिळतो. गळ्यात कोन घालायचा निर्णयही डॉक्टरांवर सोडा. ससे पोषणासाठी स्वतःच्या मऊ लेंड्या थेट तोंडाने घेऊन खातात. कोनमुळे ते बंद होतं, वर ताणही येतो.

पूर्ण आंघोळ अजिबात घालू नका. ओलं झालेलं पिल्लू पटकन गार पडतं आणि धक्क्यानेही जाऊ शकतं. केस कापायचे असतील तरी जपून. कातडी इतकी सैल असते की कात्रीत केसांबरोबर तीही येते. मी तो प्रयत्न केला नाही, दवाखान्यातच करून घेतलं.

काय लावायचं नाही

इथे आपल्या घरातलं अर्धं कपाट बाद होतं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, जी पेशी भरून येणार असते तीच ते जाळतात. डेटॉलसारखी घरगुती जंतुनाशकंही नाहीत. ससा अंग चाटून स्वच्छ करतो, त्यामुळे जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार असंच धरा.

हळद. मला माहितीये, आता घरातले ज्येष्ठ रागावणार. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, जखमेत तिचा गोळा होतो, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं. आईला हे सांगताना मला जड गेलं, कारण तिने प्रेमानेच सांगितलं होतं. स्वयंपाकघरातला मधही नको, त्यावर मुंग्या येतात. खोबरेल तेलाने केस चिकटतात आणि घाण धरून ठेवतात.

स्टेरॉइड असलेलं मलम तर अजिबात नाही. सशांना स्टेरॉइड सोसत नाही. बधिर करणारी मलमंही टाळा.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट: पोटात द्यायचं अँटिबायोटिक. चिवड्याच्या वेळी मी मेडिकलमध्ये गॉझ घ्यायला गेलो, तर काउंटरवरच्या माणसाने लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप पुढे केलं. "दोन थेंब द्या, सुकून जाईल." हेतू चांगलाच होता. पण अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं तोंडाने दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियमसारखे विषारी जंतू वाढतात आणि जुलाब होऊन ससा दगावतो. सशाला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण कोणतं आणि किती ते वजनावरून डॉक्टरच ठरवतात. आपल्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. आणि कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवरचं फिप्रोनिल सशाला विषारी आहे, ते चुकूनही नको.

माश्या

आपल्याकडे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात हा धोका सगळ्यात मोठा. माशी जखमेवर किंवा लघवी-शीने ओल्या झालेल्या केसांत अंडी घालते. पिवळट पांढरी, तांदळाच्या कणीसारखी दिसतात. उबदार दमट हवेत २४ तासांच्या आत अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत मांस खायला लागतात.

म्हणून जखमी पिल्लू घरात, जाळीच्या आत. भुशाऐवजी पांढरा सुती कपडा किंवा जुनं धुतलेलं बेडशीट, दिवसातून निदान दोनदा बदललेलं. पांढऱ्यावर रक्त, पू, अळी, सगळं लगेच दिसतं. दर सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघायचं. अळी दिसली तर ती घरी काढत बसायची गोष्ट नाही, आणि गुराढोरांच्या जखमेत घालतात ते टर्पेंटाइन तर मुळीच नको. लगेच निघायचं, रात्र असली तरी.

डॉक्टरकडे कधी?

खालीलपैकी एक जरी असेल तर घरचा उपाय थांबवा:

– मांजर किंवा कुत्र्याने चावलं किंवा नखं मारली. जखम दिसत नसली तरीही. मांजराच्या दातांतले जंतू खोल जातात.
– १० मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही.
– जखम खोल आहे, उघडी आहे, किंवा डोळ्याजवळ, पोटावर, सांध्यावर आहे.
– गाठ आली आहे. सशाचा पू घट्ट असतो, टूथपेस्टसारखा. तो फोडून वाहून जात नाही, शस्त्रक्रिया लागते. दाबू नका.
– लंगडतोय, मान वाकडी आहे, अंग गार लागतंय.
– खाणं किंवा लेंड्या थांबल्यात.

आणि डॉक्टर आजच शोधून ठेवा. सगळे व्हेट ससे बघत नाहीत. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं. तुमच्या गावात कोण सशावर उपचार करतं, रात्री कोण फोन उचलतं, हे आधी विचारून नंबर सेव्ह करा. मी लाडूच्या रात्री रिक्षात बसून शोधत होतो.

नंतरचे दिवस

मी फोनवर एक साधी नोट ठेवली होती: सकाळ-संध्याकाळ वजन (किचनच्या काट्यावर), गवत खाल्लं का, लेंड्या किती आणि केवढ्या, जखमेचा फोटो. लॉग ठेवायची सवय कामाची, ती इथे उपयोगी पडली. रोज बघणाऱ्याला सूज कळत नाही, फोटो शेजारी ठेवले की कळते. सुकं गवत आणि पाणी तोंडाशी ठेवा. बरं वाटावं म्हणून नवीन फळं-भाज्या सुरू करू नका, पोट बिघडतं.

आणि कारण काढून टाका. तार तुटली असेल तर पिंजरा बदला. तळाला जाळी असेल तर वर चटई टाका, नाहीतर तळपायांना जखमा होतात. दोन पिल्लं भांडत असतील तर त्याच दिवशी वेगळी करा, "भाऊच आहेत, जमेल त्यांचं" म्हणू नका. तीन-चार महिन्यांचे झाले की नर भांडायला लागतात. नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा.

चिवड्याची मांडी बरी झाली. आता दोन वर्षांचा आहे, हे रेकॉर्ड करताना माझ्या हेडफोनची वायर कुरतडायला बघतोय. लाडूच्या वेळी माझ्याकडे सलाइन नव्हतं, नंबर नव्हता, आणि खरं सांगायचं तर वेळ काढायची तयारीही नव्हती. तुमच्या घरी पिल्लू असेल तर आज हा भाग संपल्यावर दोन गोष्टी करा: त्याला मांडीवर घेऊन केसांत एकदा फुंकर मारून बघा, आणि व्हेटचा नंबर फोनमध्ये घाला. दहा मिनिटांचं काम आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, त्यांची पण आणि तुमची पण.