एका आजारी मुलाला लिहिलेलें पत्र

गणिताच्या तासाला आमच्या वर्गांतील एक मुलगी वहीच्या कडेला खारीचें चित्र काढतांना आढळली. वेळ फुकट घालविते म्हणून आम्ही तिजवर रागावलों. परंतु त्या रात्रीं मनाला रुखरुख लागली. कारण मुलांसाठीं स्वतः लिहून स्वतःच चित्रें काढणाऱ्या ज्या स्त्रिया होऊन गेल्या, त्यांपैकीं एकीचें चरित्र आम्हांस आठवलें. तें वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

बीट्रिक्स पॉटर हिचा जन्म १८६६ सालीं लंडन शहरीं एका सधन कुटुंबांत झाला. तिला शाळेंत घातलें नाहीं; शिक्षिका घरीं येऊन शिकवीत. ती व तिचा धाकटा भाऊ ससे, उंदीर असे प्राणी पाळीत आणि त्यांचीं चित्रें काढीत. सशाचा कान कसा वळतो, पाय कसा दुमडतो, हें ती निरखून पाही.

मोठेपणीं मिस पॉटर ह्यांनीं अळंब्यांचीं शेंकडों चित्रें काढलीं व अळंब्यांचीं सूक्ष्म बीजें कशीं रुजतात ह्याविषयीं एक निबंध लिहिला. १८९७ सालीं तो लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें ठेवण्यांत आला. पण त्या सभेंत स्त्रियांना मज्जाव असल्यामुळें लेखिकेला तेथें जातां आलें नाहीं. निबंध छापलाही गेला नाहीं. ज्ञानाचें एक दार असें बंद झालें. परंतु कमावलेली नजर कोणाला हिरावून घेतां येत नाहीं.

ह्यापूर्वींच, ४ सप्टेंबर १८९३ रोजीं, त्यांनीं आपल्या एका जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला पत्र लिहिलें होतें. मुलगा पांच वर्षांचा. त्याच्या करमणुकीसाठीं पत्रांत चार सशांच्या पिलांची गोष्ट, आणि ओळींमधून चित्रें! मुलानें तें पत्र जपून ठेविलें. कांहीं वर्षांनीं मिस पॉटर ह्यांनीं तें परत मागून घेतलें व त्यावरून पुस्तक रचलें. प्रकाशकांनीं नकार दिले, तेव्हां डिसेंबर १९०१ मध्यें पदरच्या खर्चानें २५० प्रती छापविल्या. पुढें फ्रेडरिक वॉर्न कंपनीनें १९०२ सालीं रंगीत चित्रांसह तें पुस्तक काढलें. पहिल्या आवृत्तीच्या ८००० प्रती प्रकाशनापूर्वींच खपल्या. तेंच ‘पीटर रॅबिट’ होय.

ह्या यशाचें मर्म काय? पुस्तक लहान मुलाच्या हातांत मावेल एवढेंच आहे. एका पानावर थोड्या ओळी व समोर चित्र, म्हणून अक्षरओळख नसलेलें मूलही पान उलटीत गोष्टीबरोबर चालतें. ससा निळा कोट घालतो खरा, पण त्याचे कान, मिशा, पंजे खऱ्या सशाचेच आहेत. कल्पना मोकळी, परंतु निरीक्षण चोख! मूल अजाण आहे म्हणून त्यास कसेंबसें काढलेलें चित्र चालेल, असें त्यांनीं कधीं मानिलें नाहीं.

पुस्तकांच्या उत्पन्नाला वारशाची जोड देऊन त्यांनीं इंग्लंडच्या सरोवरप्रांतांत शेतें घेतलीं व मेंढरें पाळलीं. १९४३ सालीं त्या निवर्तल्या, तेव्हां ४००० एकरांहून अधिक जमीन त्यांनीं नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेस लोकांसाठीं ठेविली.

उत्तम मेंढपाळ एका मेंढरासाठीं रान धुंडाळतो, हें आपण शुभवर्तमानांत वाचितों. एका आजारी बालकासाठीं मनापासून केलेलें कामही असेंच असंख्य बालकांच्या उपयोगीं पडलें. म्हणून पालकांस आमची विनंती कीं, मुलींच्या चित्रांचे कागद चुलींत घालूं नयेत. आणि मुलींनो, सुट्टींत एखाद्या आजारी भावंडाला सचित्र पत्र लिहा. पण काढाल तें आधीं नीट पाहा.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं ती वही मागून घेतली. खारीच्या पाठीवरचे तीन पट्टे तिनें बरोबर मोजून काढले होते. गणित अगदींच वायां गेलें नव्हतें!