बृहदांत्रातील पूर्वकर्करोगी पॉलिप व आनुवंशिकता

बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) वा गुदांत्राच्या श्लेष्मकलेपासून (बुळबुळीत अस्तरापासून) आतड्याच्या पोकळीत वाढणाऱ्या गाठीस पॉलिप म्हणतात. मूळव्याधीचे मोड हे फुगलेल्या नीलांचे असतात. त्यांचा पॉलिपांशी संबंध नाही. पॉलिपांपैकी ग्रंथि-अर्बुद (ग्रंथींतील कोशिकांची अनिर्बंध, परंतु अमारक वाढ) हा प्रकार पूर्वकर्करोगी मानतात. बहुतेक ग्रंथि-अर्बुदे निरुपद्रवी राहतात. थोड्यांचेच, बहुधा दहा वा अधिक वर्षांनी, कर्करोगात रूपांतर होते. तथापि बृहदांत्राचे बहुतेक कर्करोग अशा अर्बुदांतूनच उद्‌भवतात. कोशिकांच्या जीनांत (आनुवंशिक लक्षणे निर्देशित करणाऱ्या एककांत) उत्परिवर्तने (आकस्मिक बदल) साठत जाऊन हे रूपांतर घडते, असे ई. आर. फिअरॉन व बी. व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये प्रतिपादन केले. हे बदल बहुधा जन्मानंतर आतड्यातच होतात व संततीत उतरत नाहीत.

जन्मतः मिळणारा धोका दोन प्रकारचा असतो. पहिला विरळ, पण तीव्र असतो. १९९१ मध्ये ओळखल्या गेलेल्या एपीसी या जीनाची सदोष प्रत वारशाने मिळाल्यास तरुणपणीच शेकडो ते हजारो पॉलिप उत्पन्न होतात व उपचार न केल्यास कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो. लिंच लक्षणसमूहात डीएनए-दुरुस्ती करणारे जीन सदोष असतात. बृहदांत्र-कर्करोगाच्या एकूण रुग्णांत अशा कुटुंबांचा वाटा अल्प आहे.

दुसरा प्रकार सामान्य विभेदांचा होय. डीएनएमधील एकाच घटकाचे असे फरक निरोगी लोकांतही सर्रास आढळतात. आठव्या गुणसूत्रावरील असा एक विभेद २००७ मध्ये या कर्करोगाशी निगडित असल्याचे दिसून आले; ग्रंथि-अर्बुदांशीही त्याचा संबंध आढळला. तो स्वतः कोणतेही प्रथिन बनवीत नाही. कोशिकांच्या वाढीस चालना देणाऱ्या जवळच्या मिक या जीनाच्या नियंत्रणावर त्याचा परिणाम होतो. त्याच्या प्रत्येक प्रतीमुळे धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. हजारांत वीस जणांना हा रोग होतो असे धरल्यास ती संख्या चोवीस होईल, एवढाच याचा अर्थ. सुमारे १ लाख रुग्णांच्या अभ्यासावरून २०२२ पर्यंत असे दोनशेंहून अधिक दुवे निश्चित झाले. त्यांची बेरीज करून व्यक्तीचा धोका अजमावता येतो. परंतु ही बेरीज म्हणजे निदान नव्हे. शिवाय हा अभ्यास मुख्यतः यूरोपीय व पूर्व आशियाई वंशाच्या लोकांवर झालेला असल्याने त्यावरील गणिते मराठी कुटुंबांस जशीच्या तशी लागू पडतील असे नाही.

परिस्थितीचा वाटाही मोठा आहे. मुंबईत १९६३ पासून व ग्रामीण बार्शी भागात १९८७ पासून कर्करोगांची लोकसंख्याधिष्ठित नोंदणी होते. बृहदांत्र-कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने दोन्हीकडे कमी आहे. त्यातही ते बार्शीत मुंबईहून कमी आढळते. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांत ते मायदेशापेक्षा वाढते. महाड-पोलादपूरकडील एखादे कुटुंब मुंबईस गेले, तर त्याचे जीन बदलत नाहीत; आहार, शारीरिक श्रम, वजन व व्यसने मात्र बदलू शकतात. तंतुमय आहार व नियमित श्रम यांमुळे धोका घटतो. तंबाखूचे धूम्रपान, मद्य, स्थूलता व प्रक्रियायुक्त मांस यांमुळे तो वाढतो.

जीन बदलता येत नसले, तरी पॉलिप काढून टाकता येतो. बृहदांत्रदर्शकातून तारेच्या फासाने पॉलिप कापण्याची पद्धत १९६९ मध्ये सुरू झाली व तिने कर्करोगाचे प्रमाण घटते, असे अमेरिकेतील पाहणीत १९९३ मध्ये दिसून आले. म्हणून आईवडील वा भावंडांपैकी कोणास हा रोग झाला असल्यास पुढील तपासणी केव्हा करावी, याविषयी वैद्याचा सल्ला वेळीच घेणे आवश्यक असते. शौचावाटे रक्त जाण्यास मूळव्याधच कारण आहे, असे तपासणीवाचून गृहीत धरणे धोक्याचे ठरते. आनुवंशिक कर्करोगांवरील संशोधन रायगड जिल्ह्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत चालते. [⟶ कर्करोग].