विंचू दाखवणारी बॅटरी

पावसाळा तोंडावर आला की चिऱ्यांच्या फटीतून, लाकडांच्या ढिगातून विंचू बाहेर पडतात. आपल्याकडचा लाल विंचू साध्या उजेडात मातीत मिसळून जातो. पण यूव्ही म्हणजे अतिनील बॅटरीच्या उजेडात त्याचे कवच हिरवट-निळे चमकते.

बॅटरी घेताना तिच्यावरचा आकडा वाचा. ३९५ नॅनोमीटरची स्वस्त मिळते. पडवी आणि अंगण बघायला ती पुरते. ३६५ ची महाग असते, पण तिचा जांभळा उजेड डोळ्यांना कमी दिसतो, म्हणून विंचू जास्त उठून दिसतो. खूप दिवे आहेत म्हणून भुलू नका. आगरदांड्याच्या दुकानात मिळेल त्याच सेलवर चालणारी, मुठीत मावणारी घ्या. दुकानातच आडोशाला नोटेवर धरा. खऱ्या नोटेचे क्रमांक चमकतात.

हा उजेड कुणाच्या डोळ्यांत मारू नका, मुलांना खेळायला देऊ नका. नुकतीच कात टाकलेला विंचू नीट चमकत नाही, म्हणून पहाटे जेटीवर निघताना चप्पल आणि पाटी झटकाच.

आणि विंचू चावलाच, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय ही धोक्याची खूण. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन औषधाने असे अनेक रुग्ण वाचवले. पण औषध वेळेत मिळायला हवे. विशेषतः मूल असेल, तर लगेच दवाखाना गाठा.