गाणे आणि आठवण, लेखांक ५ : ओवीने माणसासाठी राखलेली जागा

स्वतःच्या आयुष्यात ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी घडलेल्या प्रसंगाची आठवण आणि जगाविषयीची सर्वसाधारण माहिती या दोन निरनिराळ्या स्मृती आहेत, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ एन्डेल टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये केली. पहिलीला प्रसंगस्मृती आणि दुसरीला अर्थस्मृती म्हटले जाते. गाण्याचे वैशिष्ट्य असे की ते या दोन्हींमध्ये वावरते, कारण त्याचे शब्द व चाल पाठ असणे ही माहिती झाली, तर ते ऐकताच एखादे घर, एखादा आवाज किंवा एखादे माणूस समोर उभे राहणे हा प्रसंग झाला. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते ज्या घरांत आठवड्यामागून आठवडा ऐकली गेली, तेथे ती त्या घरच्या माणसांशी जोडली गेली, हे खरे, परंतु हे जोडले जाणे सहवासातून घडले, गीताच्या रचनेत त्या माणसांसाठी काही तरतूद नव्हती. जात्यावरच्या ओवीची गोष्ट याहून मुळातच वेगळी आहे, कारण तिच्यात आपल्या माणसासाठी जागा आधीच राखलेली असते, आणि गाणारी ती दर पहाटे भरत असते.

ओवी फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख आहे. संतांनी ग्रंथरचनेसाठी वापरलेली ओवी आणि बायकांनी कामाच्या लयीवर गायलेली ओवी यांचे नाते अभ्यासकांनी बरेच तपासले आहे. येथे विचार केवळ दुसरीचा आहे. ती समजून घ्यायची तर आधी जाते पाहावे लागते. खालची तळी स्थिर असते, वरची खुंट्याला धरून फिरवायची असते, आणि मधल्या तोंडात एका हाताने मूठमूठ दाणे सोडत राहायचे असते. एक पाय पसरून, दुसरा दुमडून बसलेली बाई, आणि सोबतीला कोणी असेल तर समोर बसून तोच खुंटा धरणारी दुसरी, जी कधी सासू असते, कधी जाऊ, कधी नणंद. जाते जड असते, पहाट काळोखी असते, आणि घरातील पुरुष झोपलेले असतात. ओवीची एक ओळ साधारणपणे फेऱ्यांच्या लयीत बसते. घास घालताना आवाज किंचित थांबतो आणि हात पुन्हा फिरू लागला की ओळ पुढे सरकते. श्वास, दंड आणि शब्द यांची सांगड येथे इतकी घट्ट असते की गाणे कोठे संपते आणि काम कोठे सुरू होते, हे वेगळे काढता येत नाही.

या लयीत जे शब्द येतात, त्यांतील बहुतेक नात्यांचे असतात. आई, बाप, बंधुराया, राघू म्हणजे मुलगा, मैना म्हणजे मुलगी, दारचा सोयरा, वाटेवरचा विठोबा, अशा प्रत्येकाला ओवीत ठरलेले स्थान आहे, आणि ठरलेला साचा हाताशी असल्यामुळे गाणारी त्यात आपल्या भावाचे, आपल्या गावाचे, आपल्या लेकराचे नाव सहज बसवू शकते. पतीचे नाव घ्यायचे नाही या रूढीमुळे त्याच्यासाठी मात्र कुंकू, चुडा अशी आडवळणाची संबोधने येतात. भावाबद्दल असा संकोच नसल्याने बंधुरायाला वाहिलेल्या ओव्यांचा विस्तार मोठा आहे. सासरी आलेल्या मुलीला माहेरचे नाव मोठ्याने उच्चारण्याची संधी दिवसभरात क्वचितच मिळत असे, आणि पहाटेच्या जात्यावर ती हक्काने मिळत असे. भाऊ भाऊबीजेला आला नाही, ही तक्रार कोणापाशी करायची, या प्रश्नाला ओवी हे उत्तर होते. आई निवर्तल्यानंतरही आईची ओवी गायली जाई. तिचे शब्द तेच राहत, परंतु भेटीच्या ओढीने गायलेली ओळ आता शोकाची होई. प्रसंगस्मृती गाण्यावर कशी साठत जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधणे कठीण आहे.

दुसरा दुवा आवाजाचा आहे. मुलगी ओवी शिकते ती आईच्या मांडीवर डोके ठेवून, अर्धवट झोपेत, घरघरीतून. पुढे खुंट्याला हात पोहोचू लागला की आईबरोबर गाते, आणि लग्नानंतर ती चाल परक्या गावी घेऊन जाते. म्हणून सासरच्या ओसरीवर गायलेल्या ओवीत माहेरचा गळा असतो. गळा हा शब्द बायका आवाजासाठी आणि चालीसाठीही वापरतात, आणि या दुहेरी अर्थात मोठे तथ्य आहे: चाल ही कोणाची तरी असते.

आठवणीचे कुलूप कशाने उघडते, याविषयी टुल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉम्सन यांनी १९७३ मध्ये मांडलेले तत्त्व असे की गोष्ट मनात साठवताना जी खूण तिच्यासोबत नोंदली गेली असेल, तीच खूण पुन्हा समोर आल्यास ती गोष्ट अधिक सहज आठवते. जाते ही अशी खूण होती. जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही, असे गाणाऱ्या बायका सांगतात, ते आढेवेढे घेण्यासाठी नव्हे. हात फिरल्याशिवाय पुढची ओळ खरोखरच येत नाही. पिठाच्या गिरण्या गावोगावी पोहोचल्या, तेव्हा बायकांच्या दंडावरचा फार मोठा भार उतरला आणि तो उतरायलाच हवा होता. परंतु त्याच वेळी ओव्यांची खूण घरातून गेली, आणि तिच्यासोबत भावाचे व आईचे नाव घेण्याची ती नेमकी वेळही गेली.

जे राहिले, ते जपणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या. निरक्षर असलेल्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली नसती, तर १९५२ चे पुस्तक निघालेच नसते. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील अनेक गाणाऱ्यांच्या आवाजांसह आज ‘पारी’ या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. या संग्रहाचे खरे मोल संख्येपेक्षा त्यातील नोंदींत आहे, कारण ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव तेथे जपले गेले आहे. नाव काढून घेतलेली ओवी ही अर्धीच ओवी होय.

म्हणूनच ज्या घरात अजून ओवी येणारी आजी, आत्या किंवा मावशी आहे, त्या घरातील वाचकांनी केवळ शब्द लिहून घेऊ नयेत. माळ्यावरचे किंवा शेजारचे जाते मिळाल्यास त्यांना त्यापुढे बसवावे, मूठभर जोंधळे घालून खुंटा फिरू द्यावा, आणि मोबाइलवर आवाज मुद्रित करताना प्रत्येक ओवीनंतर एवढेच विचारावे की ही कोणासाठी गायली, आणि कोणाकडून शिकली. मिळालेली नावे ओवीखाली तारखेसह लिहून ठेवावीत.