संगणकाचा पडदा व आपली मान

पुष्कळ घरांत एकाच संगणकापुढें दिवसभरांत तीन माणसें बसतात: सकाळीं हिशेब लिहिणारा मुलगा, दुपारीं अभ्यास करणारी नात व संध्याकाळीं वर्तमानपत्र वाचणारे आजोबा. तिघांची उंची निराळी, दृष्टि निराळी. पडदा मात्र एकाच पायावर ताठ उभा! पडदा हलत नाहीं म्हणून माना वांकतात, आणि मान दुखूं लागली कीं दोष वयास दिला जातो. पुष्कळदां तो दोष बैठकीचा असतो.

यावर मॉनिटर आर्म, म्हणजे पडदा धरणारा धातूचा हात, हा एक उपाय आहे. त्याचें एक टोक टेबलाच्या कडेस पकडीनें आवळतात. दुसरें पडद्याच्या पाठीस चार स्क्रूंनीं जोडतात. या स्क्रूंचीं छिद्रें बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर असतात. खरेदीपूर्वीं तें अंतर व पडद्याचें वजन पाहून घ्यावें. कांचेच्या टेबलास मात्र अशी पकड आवळूं नये.

जड पडदा बोटानें हलतो आणि सोडला तेथेंच थांबतो, यांत जादू नाहीं. हातांतील स्प्रिंग, किंवा नळींत कोंडलेला वायु, त्याचें वजन तोलून धरतो. जॉर्ज कारवर्डाइन या इंग्रज मोटार-अभियंत्यानें १९३२ सालीं स्प्रिंगांनीं तोललेल्या हाताची रचना केली व तींतून अँगलपॉइज दिवा निघाला. तत्त्व तेंच, दिव्याच्या जागीं आज पडदा आला. पडदा आपोआप वर जाऊं लागला, तर स्प्रिंगचा ताण अधिक आहे. खालीं झुकला, तर कमी आहे, असें समजून पेच थोडथोडा फिरवावा.

आतां उंचीचा विचार. ताठ बसलें असतां पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत किंवा किंचित् खालीं यावी. अंतर सुमारें हातभर असावें. उभ्यानें काम करावयाचें, तर पडद्याबरोबर कळफलकही वर घ्यावा. लांब मजकूर वाचतांना पडदा फिरवून उभा करावा. आजोबांच्या दुहेरी चष्म्यांत जवळचें पाहण्याचें भिंग खालच्या बाजूस असतें. पडदा उंच असल्यास त्यांना हनुवटी वर करावी लागते. त्यांच्यासाठीं तो आणखी खालीं आणून मागें कलता ठेवावा. पडद्याखालीं जाड ग्रंथ रचल्यानें मुलाची सोय होते, पण आजोबांची मान अधिकच दुखते, तें यामुळेंच.

तेव्हां हात विकत घेऊन पडदा एकाच जागीं ठेवला, तर खर्च व्यर्थ होय. बसणारा बदलला कीं पडदा हलवावयाचा, एवढी संवय घरांतील सर्वांनीं लावून घ्यावी.